तिरक्या पायांचा लाकडी बेड मला हवाय, नवरा म्हणतो महिन्याभरात कुरकुरेल

प्रश्न:

ताई, आम्ही नुकतेच नवीन घरात राहायला आलोय. बेडरूम दहा बाय बाराची आहे, भिंती पांढऱ्या, फरशी राखाडी गुळगुळीत टाइल्सची, वॉर्डरोब पण मॅट पांढरा. खोलीत गेलं की सगळं कसं गारगार वाटतं, म्हणून बेड तरी लाकडी घ्यायचा असं ठरवलंय. मला ते मिड-सेंच्युरी स्टाइलचे बेड फार आवडतात, बारीक कडा, निमुळते तिरके पाय, खालून मोकळे. दोन शॉर्टलिस्ट केलेत. एक शिसवीचा, सगळा सॉलिड लाकडाचा आणि चांगला जाडजूड, नुसते पाय तिरके. दुसरा अक्रोडाच्या व्हिनियरचा, अगदी माझ्या डोक्यात आहे तसा. नवरा म्हणतो व्हिनियर म्हणजे फसवणूक, तिरके पाय तुटणार, महिन्याभरात कुरकुर सुरू होणार आणि स्टोरेज जाणार ते वेगळंच. आत्ता आमच्याकडे बॉक्सचा बेड आहे, तो नुसती कूस बदलली तरी आवाज करतो, त्यामुळे त्याचंही चुकतंय असं म्हणवत नाही. गादी नवीच आहे, क्वीन, दहा इंची, ती बदलायची नाहीये. काय करू?

– शिसवी की व्हिनियर

उत्तर:

अगं, तुझा नवरा ज्याला घाबरतोय ते घडतं. माझ्या स्वतःच्या घरात घडलंय. असाच एक सुंदर तिरक्या पायांचा बेड मी घेतला होता, फोटो बघूनच प्रेमात पडले होते, आणि दोन वर्षांत त्याच्या पायथ्याकडचा एक पाय चार स्क्रूंसकट उपटून बाहेर आला. खाली वाकून बघितलं तेव्हा कळलं की पाय ज्याच्यात बसवला होता तो भुशाचा बोर्ड होता, म्हणजे पार्टिकल बोर्ड, त्यात स्क्रूची पकड केव्हाच गेली होती आणि आम्ही प्रत्येक वेळी तो पुन्हा आवळून ती अजूनच ढिली करत होतो. पण गंमत बघ, पाय स्वतः ठणठणीत होता, सॉलिड लाकडाचा, त्याला ओरखडासुद्धा नाही. तुटला तो जोड. तेव्हापासून मी कुठलाही बेड बघताना आधी खाली बघते आणि मग वर.

आणि तुला जी स्टाइल आवडलीये तिच्यात तर हे सगळ्यात जास्त लागू पडतं. मिड-सेंच्युरी म्हणजे साधारण १९४५ ते १९७० च्या आतबाहेरचं फर्निचर, मुख्यतः डेन्मार्क, स्वीडन आणि अमेरिकेतलं, हान्स वेग्नर, फिन यूल, जॉर्ज नेल्सन, चार्ल्स आणि रे ईम्स ही त्यातली मोठी नावं. या लोकांनी नक्षी काढून टाकली, जाडी काढून टाकली, जेवढं लाकूड कामाचं तेवढंच ठेवलं, म्हणून ते फर्निचर हलकं दिसतं, जमिनीवर टेकलेलं कमी आणि उभं राहिलेलं जास्त वाटतं. आता लाकूड कमी केलं की त्याचा सगळा भार कुठे जातो? जोडांवर. जाडजूड पलंगात एखादा जोड कच्चा राहिला तरी बाकीचं लाकूड सांभाळून घेतं, बारीक बेडमध्ये सांभाळून घ्यायला काही उरलेलंच नसतं. म्हणून मी तुला लाकडाची जात नंतर विचारीन, आधी जोड कसे आहेत ते विचारीन.

पहिला जोड, बाजूची लांब पट्टी डोक्याकडच्या खांबाला मिळते तो. बेडची निम्मी कुरकुर इथूनच येते. इथे नुसते लाकडात पिळलेले स्क्रू असतील, किंवा कपाटाच्या फळ्यांना असतात तसे अर्धा फेरा फिरवून घट्ट होणारे छोटे गोल लॉक असतील तर तो बेड सोडून दे, ते कपाटासाठीच ठीक आहेत, रोज रात्री हलणाऱ्या वजनासाठी नाहीत. इथे लांब बोल्ट हवा जो खांबातून आरपार येऊन पट्टीच्या आत लपवलेल्या लोखंडी नटात बसतो, कारण मग लोखंड लोखंडाला ओढतं आणि लाकूड मध्ये दाबलं जातं, सैल झालं तर पुन्हा आवळता येतं आणि दहा वेळा खोलून जोडलं तरी पकड जात नाही. दुसरा चांगला प्रकार म्हणजे लोखंडी हुकांची पट्टी, वजन पडलं की हुक खाली दाबून उलट अजून घट्ट बसतो. आणि सुताराकडून करून घेतलास आणि त्याने एका लाकडाला जीभ काढून दुसऱ्याच्या खाचेत बसवली, वर बोल्ट दिला, तर त्याच्यासारखं काहीच नाही.

दुसरा जोड पायांचा, नवऱ्याच्या भीतीचा. तिरका पाय कमजोर असतो असं नाही, पण त्याच्यावरचं वजन सरळ खाली उतरत नाही, पायाचं टोक बाहेर असल्यामुळे वजन त्या पायाला सतत अजून बाहेर फाकवायला बघतं, आणि तुमच्याकडे तर गुळगुळीत टाइल्स, म्हणजे खाली पकडून ठेवणारं काही नाही, सगळा ताण वरच्या जोडावर. म्हणून दोन गोष्टी बघ. पाय कशात बसवलाय, सॉलिड लाकडाच्या ठोकळ्यात किंवा जाड प्लायमध्ये असेल तर चालेल, भुशाच्या बोर्डात असेल तर नको. आणि पाय एकटे लटकलेत की त्यांना धरणारी चौकट आहे, म्हणजे दोन पायांना जोडणारी आडवी लाकडी पट्टी. चांगल्या बेडमध्ये पाय थेट चौकटीचा भाग असतात. ज्यात चार पाय वेगळ्या डब्यात येतात आणि तुम्ही घरी प्लेटला फिरवून बसवता तो प्रकार टेबललॅम्प ठेवायच्या कपाटाला ठीक आहे, बेडला मला पटत नाही. पायांच्या तळाला रबराचे पॅड लाव, फेल्टचे नको, फेल्ट घसरतो. आणि असा बेड कधीही ओढायचा नाही. झाडायला, सरकवायला, काही असो, दोघांनी दोन बाजूंनी उचलायचा, कारण ओढताना सगळं वजन एका तिरक्या पायाला मागे मुरगळतं.

तिसरी गोष्ट म्हणजे मधला पाय, आणि हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण फोटोत तो कधीच दिसत नाही. एक इतिहासातली गोष्ट सांगते, त्याने हे लगेच कळेल. त्या काळात अमेरिकेतला साधा डबल बेड ५४ इंच रुंद आणि ७५ इंच लांब असायचा, क्वीन आणि किंग हे साइझ बाजारात रुळले ते १९५० चं दशक संपता संपता आणि त्यानंतर. म्हणजे आपण ज्या जुन्या बेडचे फोटो बघून हरखतो त्यातले बरेचसे मुळात अरुंद होते, आणि आजचा त्याच स्टाइलचा बेड म्हणजे ते चित्र आडवं ताणलेलं असतं. ताणलं की मध्ये झोका येणारच. लाकडाचा हिशोब इथे फार कडक आहे, पट्टीची जाडी दुप्पट केली तर ती आठपट ताठ होते, आणि दोन आधारांमधलं अंतर निम्मं केलं तर मधोमध पडलेल्या त्याच वजनाने येणारा बाक एक-अष्टमांश होतो. म्हणजे क्वीनच्या ६० इंच रुंदीच्या मधोमध डोक्यापासून पायथ्यापर्यंत एक उभी तुळई टाकली आणि तिला जमिनीपर्यंत एक किंवा दोन पाय दिले की काम झालं. क्वीन आणि त्याहून मोठ्या बेडला हे हवंच, पुष्कळ गादीवाले तर याशिवाय गादीची वॉरंटीच धरत नाहीत. दुकानात विचार, नुसतं विचारू नकोस, खाली वाकून बघ. मधल्या पायाची उंची स्क्रूने कमीजास्त करता येत असेल तर फारच छान, कारण फरशी कुठलीच अगदी सपाट नसते आणि मधला पाय अधांतरी राहिला तर तो असून नसल्यासारखा.

आडव्या पट्ट्यांबद्दल थोडक्यात. दोन पट्ट्यांमधलं अंतर तीन इंचांपेक्षा जास्त नको, नाहीतर फोमची गादी मधल्या फटींत बसायला लागते. पट्ट्या नुसत्या ठेवलेल्या नकोत, एकमेकींना कापडी पट्ट्याने किंवा खालच्या काठाला स्क्रूने बांधलेल्या हव्यात. आणि पट्ट्यांऐवजी सलग प्लाय टाकलेला असेल तर त्याला भोकं पाडून घे, रात्रभर शरीरातून दमटपणा निघतो तो गादीतून खाली उतरतो, त्याला बाहेर पडायला वाट नसली की गादीच्या पोटाला बुरशी धरते. खालून मोकळा बेड घेण्याचा खरा फायदा हाच आहे, दिसण्याचा नंतर.

आता व्हिनियर. इथे मला तुझ्या नवऱ्याशी प्रेमाने भांडायचंय. व्हिनियर म्हणजे खऱ्याच लाकडाचा पातळ पापुद्रा, आजकाल साधारण अर्धा मिलिमीटरचा, दुसऱ्या कशावर तरी चिकटवलेला. फसवणूक ते नाही, खाली काय आहे हे न सांगणं ही फसवणूक. आणि ज्या काळाची ही स्टाइल आहे त्या काळातल्या उत्तमोत्तम लोकांनी व्हिनियर आणि प्लाय अभिमानाने वापरलंय. ईम्स जोडप्याने दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलासाठी जखमी पायाला बांधायचे स्प्लिंट वाकवलेल्या प्लायवूडचे केले, १९४२ च्या सुमाराला, आणि त्याच तंत्रातून पुढे त्यांच्या प्लायवूडच्या खुर्च्या आल्या. शिवाय प्लायचे थर उलटसुलट चिकटवलेले असल्यामुळे तो हवेप्रमाणे फारसा फुगत-आकसत नाही.

हे फुगणं-आकसणं नीट समजून घे कारण सॉलिड लाकूड घेणाऱ्यांना हेच कोणी सांगत नाही. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही पण रुंदीत, म्हणजे रेषांना आडवं, दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं, कितीही जुनं झालं तरी, पॉलिश केलेलं असलं तरी. त्यामुळे हेडबोर्डला एक रुंद सलग सॉलिड फळी असेल आणि ती चारही बाजूंनी घट्ट ठोकली असेल तर कधी ना कधी तडकते. चांगला सुतार ती फळी चौकटीच्या खाचेत मोकळी सोडतो, किंवा स्क्रूची भोकं लांबट ठेवतो म्हणजे तिला हलायला जागा राहते. रुंद सपाट जागी, म्हणजे हेडबोर्डला, मला चांगल्या प्लायवरचं व्हिनियर सॉलिडपेक्षा जास्त आवडतं. आणि पाय, खांब, बाजूच्या पट्ट्या, जिथे भार आहे, जिथे पायाची ठोकर आणि झाडूचा मार बसतो, तिथे सॉलिडच हवं, कारण व्हिनियरची कड एकदा उडाली की ती घासून नीट करता येत नाही, अर्ध्या मिलिमीटरमध्ये घासणार काय.

तेव्हा तुझ्या दुसऱ्या बेडबद्दल दुकानदाराला एवढंच विचार, की व्हिनियर कशावर आहे आणि कुठे कुठे आहे. प्लायवर असेल, पाय आणि बाजूच्या पट्ट्या सॉलिड असतील, तर तो बेड चांगला. सगळं एमडीएफवर, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या बोर्डावर असेल आणि पट्टीसुद्धा एमडीएफचीच, तर कितीही देखणा असला तरी घेऊ नकोस. बोर्ड जो काही असेल तो ई-वन किंवा त्याहून चांगल्या दर्जाचा आहे का तेही विचार, हा आकडा बोर्डातल्या चिकटपदार्थातून किती फॉर्मल्डिहाइड वायू हवेत सुटतो त्याचा असतो, आणि आपण त्याच्यावर डोकं ठेवून आठ तास दार लावून झोपणार आहोत. खरं सॉलिड ओळखायची एक युक्ती सांगते, फळीच्या वरच्या रेषा कडेवरून वळून टोकाला कशा उतरतात ते बघ, सॉलिडमध्ये त्या रेषांचा माग लागतो, व्हिनियरमध्ये कडेला वेगळीच पट्टी चिकटवलेली दिसते.

आणि शिसवीचा? लाकूड म्हणून शिसवी उत्तम आहे, कठीण, टिकाऊ, रेषा सुंदर, त्याबद्दल शंकाच नाही. माझी अडचण दुसरी आहे, तूच लिहिलंयस की तो जाडजूड आहे आणि नुसते पाय तिरके आहेत. मग तो मिड-सेंच्युरी नाही गं. एका भरभक्कम पलंगाला खाली फॅशनचे पाय लावलेत, तो जाड पट्ट्यांचा डोलारा त्या निमुळत्या पायांवर उभा दिसणार आणि तुला रोज काहीतरी खटकत राहणार, काय ते कळणारही नाही. शिवाय एवढं वजन पुन्हा त्याच तिरक्या पायांवर, म्हणजे नवऱ्याची जी भीती आहे ती खरं तर या बेडला जास्त लागू पडते. दिसण्यातला बारीकपणा हीच ही स्टाइल आहे, लाकडाची जात नाही, डेन्मार्कच्या लोकांनी सागवान वापरलं, अमेरिकेत अक्रोड जास्त चाललं, ओक दोन्हीकडे. जुन्या वस्तूंमध्ये ब्राझीलचं रोझवुडही खूप सापडतं, पण ते १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारात जवळजवळ बंदच आहे, तेव्हा कोणी नव्या बेडला सहज ते नाव लावत असेल तर कागद विचार.

म्हणजे शिसवी नको असं नाही. शिसवीतच बारीक पट्ट्यांचा, मधल्या तुळईचा बेड कोणी करून देत असेल तर डोळे मिटून घे.

आता मापं, आणि इथे तुझी दहा इंची गादी मध्ये येणार आहे. गादीवरच्या स्टिकरला नुसतं क्वीन लिहिलंय म्हणून त्यावर जाऊ नकोस, टेप घेऊन तिन्ही बाजूंनी मोज, अमेरिकेत क्वीन म्हणजे साधारण १५२ बाय २०३ सेंटिमीटर, आणि इंग्लंडमध्ये १५० बाय २०० ला किंग म्हणतात, इतका घोळ आहे या नावांचा. चौकटीत गादीभोवती बोटभर जागा पुरे, जास्त असली तर गादी सरकते आणि चादर त्या फटीत जाते.

मग उंची. हे बेड मुळात पातळ गाद्यांसाठी आखलेले, त्यामुळे त्यावर जाड गादी टाकली की दोन गोष्टी बिघडतात, बारीक चौकटीवर गादीचा मोठा ठोकळा बसलेला दिसतो, आणि हेडबोर्ड अर्धा गादीमागे गडप होतो. दहा इंच म्हणजे अगदीच फार नाहीत, जमेल, पण दोन आकडे जमवायला लागतील. जमिनीपासून पट्ट्यांपर्यंत दहा इंचांच्या आसपास ठेव, म्हणजे गादीसकट वीस इंच होईल, पन्नास सेंटिमीटर, एवढ्यावर बहुतेक माणसं काठावर बसली की पाय जमिनीला सपाट टेकतात आणि उठताना गुडघ्यांवर जोर येत नाही. घरात कोणाचे गुडघे दुखत असतील तर दोन इंच वाढव, पण मग पाय लांब होतील, म्हणजे पायांना जोडणारी आडवी पट्टी नसेल तर चालणारच नाही. आणि हेडबोर्ड गादीच्या वर निदान चौदा-पंधरा इंच दिसला पाहिजे, म्हणजे जमिनीपासून पस्तीस इंचांच्या जवळपास. वाचायला टेकून बसत असाल तर तो थोडा मागे कललेला असेल असा बघ, उभ्या बारीक काठ्यांचा हेडबोर्ड दिसतो फार गोड पण पाठीला प्रत्येक काठी वेगळी कळते, त्याला उश्या लागतातच. वेताच्या विणीचा असेल तर त्यावर टेकताना जपायला लागतं, सतत रेटून बसलं की वीण मध्ये पोट सोडते.

दहा फुटांच्या भिंतीला पाच फुटांची गादी लावली की दोन्हीकडे अडीच-अडीच फूट उरतात, छान आहे. पण बेडचं बाहेरचं माप विचार, गादीचं नाही. या स्टाइलच्या काही बेडना गादीच्या बाहेर तीन-चार इंचांची लाकडी कड असते, दिसते सुंदर, पण प्रत्येक बाजूची तेवढी जागा खाते आणि अंधारात नडगीवर बसते. तिरके पाय कडेच्या आत संपतात की बाहेर येतात तेही बघ, बाहेर येत असतील तर करंगळी रोज आपटणार. तुझ्या खोलीला मी आत घेतलेल्या पायांचा आणि बिनकडेचा बेड सुचवीन. पायथ्याकडे हेडबोर्डसारखी फळी नसलेला घे, उंच माणसाचे पाय अडत नाहीत आणि छोटी खोली मोकळी वाटते. वॉर्डरोबचं दार उघडून त्यापुढे उभं राहायला दोन-अडीच फूट राहतात ना ते फरशीवर चिकटपट्टी लावून बेडचा आकार आखून बघ, दोन दिवस त्याच्या भोवतीने चाला, मग ऑर्डर दे.

रंगाचं म्हणशील तर तुझ्या पांढऱ्या-राखाडी खोलीला अक्रोड किंवा सागवान दोन्ही ऊब देतील, आणि वॉर्डरोब त्याच लाकडाचा नाही हे बरंच आहे, सगळं एका सेटमधलं घेतलं की खोली दुकानासारखी दिसते. दोनच गोष्टी सांभाळ. एक, लाकडाचा रंग स्थिर नसतो. ताजं सागवान कधीकधी पट्ट्यापट्ट्यांचं, हिरवट दिसतं आणि काही महिन्यांच्या उजेडाने एकसारखं सोनेरी-तपकिरी होतं, अक्रोड उलट उजेडाने हळूहळू फिकं होतं, म्हणून दुकानातल्या रंगाशी पडदे मॅच करत बसू नकोस, आणि पहिले काही महिने बेडवर अर्ध्या भागात काही पसरून ठेवू नकोस नाहीतर तेवढाच डाग वेगळा राहतो. दोन, तुमचा दिवा. खोली गार वाटते म्हणालीस, मला निम्मा संशय बल्बवर आहे. केल्विन हा उजेडाच्या रंगाचा आकडा, जितका कमी तितका उजेड पिवळसर, साडेसहा हजार केल्विनचा पांढरा दिवा असेल तर कुठलंही लाकूड त्याच्याखाली मेल्यासारखं राखाडी दिसतं. २७०० किंवा ३००० केल्विनचा लाव आणि मग लाकडाचा नमुना घरी आणून रात्री त्या दिव्याखाली बघ. पॉलिश मॅट किंवा हलकं चमकदार, आरशासारखं चकाकणारं नको, त्याने रेषा झाकल्या जातात आणि ही स्टाइल रेषांवरच जगते.

राहिलं स्टोरेज. इथे मी नवऱ्याच्या बाजूने थोडी आहे, कारण सामान जाणार कुठे हा प्रश्न खराच आहे. पण तिरक्या पायांच्या बेडखाली ड्रॉवर लटकवलेले किंवा बॉक्स लावलेला घेऊ नका, तो धड मोकळाही राहत नाही आणि त्यात सामानही मावत नाही. आधी एका सुट्टीच्या दिवशी दोघांनी मिळून आत्ताच्या बेडचा बॉक्स पूर्ण रिकामा करा आणि वर्षभरात न काढलेलं बाजूला ठेवा. मग जे उरेल ते मोजा. जमिनीपासून चौकटीच्या खालच्या कडेपर्यंत सात-आठ इंच मोकळे राहत असतील तर त्यात चाकांचे झाकणवाले सपाट खोके मजेत सरकतात, झाडूही जातो, आणि बहुतेक रोबोट व्हॅक्यूमही जातात. रजया, बॅगा असं खरंच भरपूर सामान असेल आणि वॉर्डरोबच्या वर जागा नसेल, तर तिरके पाय सोडून दे आणि आत घेतलेल्या बैठकीचा बेड बघ, म्हणजे खालचा ड्रॉवरचा भाग चौकटीपेक्षा सहा-सात इंच आत असतो आणि बेड तरंगल्यासारखा दिसतो. तोही त्याच स्टाइलच्या घरात शोभतो. फक्त त्याला खालून हवेची भोकं ठेवायला सांग.

तर माझा कौल व्हिनियरच्या बेडला, पण दुकानात जाऊन त्याला उलटा करून बघितल्यावर. नवऱ्याला बरोबर ने, तपासायचं काम त्यालाच दे, त्याच्या शंका तिथेच फिटतील. पायथ्याचा एक कोपरा हाताने दोन इंच उचलायला सांग, दुसरा कोपरा लगेच बरोबर उठला तर चौकट ताठ आहे, हा कोपरा उठला आणि तो जमिनीवरच राहिला तर चौकट पिळते. हेडबोर्डला वरून धरून पुढेमागे ढकल. मग दोघं गादीशिवाय पट्ट्यांच्या अगदी मध्ये बसा आणि हला, दुकानात शांतता नसेल तर फोनचा रेकॉर्डर खाली ठेवा. हे करू देत नसतील तर दुसरं दुकान.

आणि यातला एकही मनासारखा निघाला नाही तर सुताराकडे जा, फोटो घेऊन नाही, मापं घेऊन. गादीचं माप, पट्ट्यांची उंची, मधली तुळई, बोल्टचे जोड, हे सगळं कागदावर लिहून दे. लाकूड नीट वाळलेलं हवं, ओलावा बारा टक्क्यांच्या आत, त्याचं छोटं मीटर मिळतं, सुताराकडे नसेल तर वखारीत असतं, लाकूड घेतानाच मोजायला सांग. ओल्या लाकडाचा बेड घरी आल्यावर वाळतो, आकसतो, आणि मग कितीही चांगला जोड असला तरी बोल्ट सैल पडून कुरकुर सुरू.

बेड आला की बसवताना लाकडाला लाकूड लागतं त्या प्रत्येक जागी साधं मेण घासा, पट्ट्या टेकतात तिथे फेल्टची पट्टी चिकटवा, इथे फेल्ट चालतो. सगळे बोल्ट आधी सैल लावून, बेड चारी पायांवर नीट उभा राहिल्यावर मगच आवळा, एकेक कोपरा पूर्ण आवळत गेलात तर शेवटचा कोपरा तिरका बसतो आणि तोच पुढे बोलतो. महिन्याभराने एकदा परत आवळा, मग हवा बदलेल तेव्हा, दमट दिवस संपून कोरडे सुरू झाले की एकदा. त्याची चावी बेडच्याच चौकटीला आतून चिकटपट्टीने लावून ठेवा, वेळेला सापडत नाही.